झोपेची गोळी सोडताना

मागच्या व्याख्यानानंतर एका बाईंनी आम्हाला विचारलं, "सर, १२ वर्षं रोज रात्री झोपेची गोळी घेते. बंद करायचं ठरवते आणि तिसऱ्या दिवशी परत घेते. माझा निर्धारच कच्चा आहे का?" प्रश्न वैद्यकातला खरा, पण त्यात 'निर्धार' आला, म्हणजे तो आमच्याही प्रांतात आला. तेव्हा आज त्याचाच विचार करू.

लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाच्या शोधातून १९६० साली लिब्रियम बाजारात आलं, १९६३ साली व्हॅलियम. आधीच्या बार्बिट्युरेट औषधांपेक्षा ही बरीच सुरक्षित, म्हणून जगभर सढळ हातानं लिहून दिली गेली. आज घरोघरी दिसणाऱ्या अल्प्राझोलाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम या त्याच बेन्झोडायझेपिन कुळातल्या.

ही गोळी करते काय? मेंदूत गाबा नावाचं रसायन ब्रेकचं काम करतं. गोळी त्या ब्रेकचा जोर वाढवते. पण रोज असा जादा जोर मिळू लागला, की मेंदू जुळवून घेतो. त्याचा स्वतःचा ब्रेक सैल पडतो. काही आठवड्यांतही हे घडू शकतं. रस्सीखेच आठवा. एका बाजूनं दोर अचानक सोडला, की दुसरी बाजू धाडकन पडते. गोळी एकदम थांबवली, की बेचैनी, थरथर, घाम, झोप उडणं सुरू होतं. काहींना फिट येते, भ्रम होतो. जिवावरही बेतू शकतं.

इथे आपला घोटाळा होतो. 'आजपासून बंद' म्हणून तंबाखू सोडणाऱ्याचं आपण कौतुक करतो. इथे तोच बाणा घातक ठरतो. शिवाय व्यसन आणि अवलंबित्व एकच नव्हे. व्यसनात नुकसान दिसत असूनही ओढ आवरत नाही. अवलंबित्व मात्र डॉक्टरांनी सांगितली तेवढीच गोळी घेणाऱ्यालाही येतं. ब्रिटनमध्ये न्यूकॅसलला डॉ. हेदर ॲश्टन यांनी १९८२ ते १९९४ या काळात अशाच रुग्णांसाठी दवाखाना चालवला. त्यांचा भर एकाच गोष्टीवर होता: हळूहळू, रुग्णाला झेपेल त्या गतीनं.

म्हणजे कसं? साधारणपणे दर दोन ते चार आठवड्यांनी, चालू असलेल्या मात्रेच्या ५ ते १० टक्के कमी करत जायचं. त्रास वाढला तर तिथेच थांबायचं, मग पुढे. याला कित्येक महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त. गरजेप्रमाणे डॉक्टर संथपणे उतरणाऱ्या डायझेपामवर नेतात. एक दिवसाआड गोळी घेण्याची घरगुती युक्ती नको. त्यानं औषधाची पातळी वरखाली होते. सोबत दारू तर अजिबात नको. श्वास मंदावू शकतो. फिटचा आजार असेल, गरोदरपण असेल, तर जास्तच जपावं. मात्रा ठरवायची ती डॉक्टरांबरोबर बसूनच.

आणखी एक. मात्रा कमी केल्यावर चार रात्री झोप लागली नाही, की आपण म्हणतो, "बघा, मूळचा आजार उलटला." पुष्कळदा तो आजार नसतो, सैल पडलेला ब्रेक पुन्हा घट्ट होत असतो. त्याला वेळ द्यावा लागतो. झोपेच्या सवयींवर काम करणारी वर्तनोपचार पद्धत या काळात चांगली साथ देते.

तेव्हा बाई, तिसऱ्या दिवशी गोळी परत घेतलीत, यात कच्चेपणा कसला? शरीरानं धोक्याची सूचना दिली, ती तुम्ही ऐकलीत. निर्धार लागणारच आहे, पण एका रात्रीचा नाही. महिनोन्‌महिने सावकाश उतरत राहण्याचा.