टँडी पोर्टेबल डिस्क ड्राइव्ह

टँडी पोर्टेबल डिस्क ड्राइव्ह हे १९८०च्या दशकात अमेरिकेतील टँडी कॉर्पोरेशनने आपल्या रेडिओ शॅक या दुकानसाखळीतून विकलेले, बॅटरीवर चालणारे फ्लॉपी डिस्कचे उपकरण आहे. टीआरएस-८० मॉडेल १०० या वहीच्या आकाराच्या संगणकाला जोडता यावे, या हेतूने ते बाजारात आणले गेले. उपकरणाची मूळ निर्माती जपानची ब्रदर ही कंपनी असून तिच्या स्वतःच्या नावाने त्याला एफबी-१०० म्हणतात. उत्पादन थांबून अनेक वर्षे लोटली असली, तरी हौशी अभ्यासकांनी त्याची अंतर्गत कार्यपद्धती उलगडून ते आजही वापरात ठेवले आहे. तयार वस्तूवरून मागे जात तिच्या रचनेचा शोध घेण्याच्या या रीतीला उलट अभियांत्रिकी किंवा रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतात.

पार्श्वभूमी

मॉडेल १०० हा संगणक १९८३ मध्ये विक्रीस आला. तो जपानच्या क्योसेरा कंपनीने घडवला होता आणि जवळजवळ त्याच रूपात एनईसी व ऑलिव्हेटी या कंपन्यांनीही तो आपापल्या नावांनी विकला. त्याच्या पडद्यावर ४० अक्षरांच्या ८ ओळी मावत. साध्या ४ पेन्सिल सेलवर तो चाले. त्यातील अंगभूत प्रणाली मायक्रोसॉफ्टने लिहिली होती, आणि जिच्यातील बराचसा भाग आपण स्वतः लिहिला अशी ही आपली शेवटचीच प्रणाली, असे बिल गेट्स यांनी पुढे सांगितले आहे. वार्ताहरांमध्ये हा संगणक विशेष प्रिय होता, कारण घटनास्थळी बातमी लिहून ती दूरध्वनीच्या तारेवरून थेट कार्यालयात धाडता येई.

उणीव होती ती साठवणुकीची. संगणकाची स्मृती ८ ते ३२ किलोबाइट एवढीच होती आणि ती भरली की मजकूर ध्वनिफितीवर उतरवून ठेवावा लागे. हे काम संथ होते, शिवाय बेभरवशाचे. प्रवासी पिशवीत मावेल आणि विजेच्या खुंटीवाचून चालेल असे डिस्कचे उपकरण हवे होते. ही गरज एफबी-१००ने भागवली. संगणकाप्रमाणेच तेही ४ पेन्सिल सेलवर चाले.

डिस्कची रचना

या उपकरणात साडेतीन इंची फ्लॉपी वापरली जाते. डीटीपीच्या काळात मराठी छापखान्यांतून फिरणाऱ्या फ्लॉपीपेक्षा ती बाहेरून वेगळी दिसत नाही, आत मात्र फार फरक आहे. डिस्कच्या एकाच बाजूवर लेखन होते. त्या बाजूवर ४० वर्तुळाकार पथ असतात, प्रत्येक पथाचे २ विभाग आणि प्रत्येक विभागात १२८० बाइट. म्हणजे एकूण क्षमता १,०२,४०० बाइट. आजच्या युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह ३ बाइट घेते. त्या हिशेबाने या डिस्कवर सुमारे ३४,००० चिन्हे मावतील. मॉडेल १००च्या संपूर्ण स्मृतीच्या मात्र तीन प्रती तीत सहज बसत. एका डिस्कवर जास्तीत जास्त ४० फाइली ठेवता येतात.

प्रत्येक विभागाला १२ बाइटचे एक वेगळे ओळखक्षेत्रही असते. ते १२८० बाइटच्या बाहेर राहते. वरकरणी क्षुल्लक वाटणाऱ्या या तपशिलाला जतनाच्या कामात मोठे महत्त्व आहे, ते पुढे येईल.

लेखनासाठी एफएम ही जुनी संकेतपद्धती वापरली आहे. तीत माहितीच्या प्रत्येक बिटामागे ताल राखणारा एक ठोका लिहिला जातो, त्यामुळे जवळजवळ निम्मी जागा तालातच खर्च होते. ही पद्धत आणि विभागांची अनोखी मांडणी या दोन कारणांमुळे नेहमीच्या संगणकाला ही डिस्क दाखवल्यास ती कोरी किंवा बिघडलेली असल्याचे उत्तर मिळते. असे उत्तर वाचून किती डिस्का कचऱ्यात गेल्या असतील याची कल्पनाच केलेली बरी.

पुढे दुप्पट क्षमतेची दुसरी आवृत्ती निघाली. तिच्यात २०० किलोबाइटची जागा १०० किलोबाइटच्या दोन कप्प्यांत वाटलेली असते.

संवादाची भाषा

सर्वसाधारण फ्लॉपी ड्राइव्ह परतंत्र असते, कारण चाक किती फिरवायचे आणि वाचनशीर्ष कोठे न्यायचे हे संगणक तिला पदोपदी सांगतो. टँडीच्या उपकरणात मात्र स्वतःचा सूक्ष्मनियंत्रक असून डिस्कवरील जागेचा सारा हिशेब तोच ठेवतो. संगणक सीरियल तारेवरून केवळ ‘अमुक फाइल उघड’, ‘पुढचा तुकडा दे’ अशा आज्ञा पाठवतो. या स्वायत्ततेमुळेच उलट अभियांत्रिकी शक्य झाली. तारेवरचे संभाषण ऐकले की उपकरण न उघडताही त्याच्या मनातले बरेच काही कळते.

आज्ञेची घडण सोपी आहे. आरंभी इंग्रजी झेड हे अक्षर दोनदा येते, मग आज्ञेचा क्रमांक, मग सोबतच्या माहितीची लांबी, मग ती माहिती आणि शेवटी एक पडताळा अंक. क्रमांक, लांबी व माहिती यांची बेरीज करून तिचा शेवटचा बाइट २५५ मधून वजा केला की हा पडताळा अंक मिळतो. उपकरणाची स्थिती विचारण्याची आज्ञा ७ क्रमांकाची आहे आणि तिच्यासोबत माहिती काहीच नसते. म्हणून संगणक ९०, ९०, ७, ०, २४८ असे पाच बाइट पाठवतो. यातील ९० हे झेडचे सांकेतिक मूल्य आणि २४८ म्हणजे २५५ वजा ७. सारे ठीक असल्यास उत्तर येते १८, १, ०, २३६. येथे १८ हा उत्तराचा प्रकार, १ ही लांबी आणि ० म्हणजे दोष नाही. १८, १ व ० यांची बेरीज १९ होते, आणि ती २५५ मधून वजा केली की २३६ उरतात. विद्यार्थ्यांनी हा हिशेब कागदावर एकदा करून पाहावा.

स्थिती विचारण्याच्या ७ क्रमांकाला लागूनच असलेला ६ हा क्रमांक डिस्क नव्याने आखण्याचा, म्हणजे तिच्यावरील सर्व काही पुसण्याचा आहे. उपकरण पुन्हा विचारत नाही. त्यामुळे या भाषेत प्रयोग करणारे जुनी डिस्क घालण्यापूर्वी तिच्या कोपऱ्यातील लेखनरोधक खिटी सरकवून घेतात, आणि आज्ञांची चाचणी नेहमी कोऱ्या डिस्कवर करतात.

फाइल एका वेळी १२८ बाइटपर्यंतच्या तुकड्यांत ये-जा करते. तारेचा वेग सेकंदाला १९,२०० बिट. एका बाइटमागे आरंभ व अंत दर्शवणारे दोन बिट धरून १० बिट लागतात, म्हणून सेकंदाला फार तर १९२० बाइट जाऊ शकतात. या गणिताने पूर्ण डिस्क वाचायला किमान ५३ सेकंद लागतात, आणि मधल्या संभाषणामुळे प्रत्यक्षात त्याहून अधिक.

पहिल्या आवृत्तीला आणखी एक बोली येते. ८ क्रमांकाची आज्ञा दिली की उपकरण फाइलींची भाषा सोडून थेट विभागांची भाषा बोलू लागते. या स्थितीत आज्ञा एकेका अक्षराच्या असतात आणि १२ बाइटचे ओळखक्षेत्रही वाचता-लिहिता येते. दुसऱ्या आवृत्तीत ही सोय नाही.

विणकाम यंत्रांशी नाते

ही दुसरी बोली वापरणारे मुख्य ग्राहक संगणकाचे नव्हतेच. ब्रदर कंपनी घरगुती विणकाम यंत्रेही बनवत असे, आणि केएच-९३० सारख्या तिच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांना हीच एफबी-१०० ड्राइव्ह जोडण्याची सोय होती. यंत्रावर २०० सुया असतात. कोणत्या ओळीत कोणत्या सुईने कोणता धागा घ्यावा हे यंत्राच्या स्मृतीतील नक्षी ठरवते. वापरणाऱ्याने स्वतः भरलेल्या नक्ष्यांना ९०१ पासून पुढचे क्रमांक मिळतात. यंत्र आपली २०४८ बाइटची स्मृती जशीच्या तशी डिस्कवर उतरवते. त्यासाठी प्रत्येकी १०२४ बाइटचे दोन विभाग लागतात, आणि अशा रीतीने एका डिस्कवर ४० नोंदी राहतात.

नक्षी मूळ यंत्रात भरायची तर बटणे दाबत एकेक टाका नोंदवावा लागे. यंत्रे धडधाकट आणि ड्राइव्ह मात्र मृत, अशी अवस्था अनेक घरांत आली. तेव्हा हौशी लोकांनी वेगळी वाट काढली. संगणकालाच एफबी-१००चे सोंग घ्यायला लावायचे, म्हणजे यंत्र विचारील त्याला ड्राइव्ह देईल तेच उत्तर द्यायचे. २०१० मध्ये बेकी स्टर्न आणि लिमोर फ्रीड यांनी या रीतीने केएच-९३० वर संगणकातील चित्र विणून त्याची कृती सर्वांसाठी प्रसिद्ध केली. त्यामागे इतर अभ्यासकांनी आधी केलेला स्मृतिरचनेचा उलगडा होता.

तो उलगडा करण्याची रीत मोठी उद्बोधक आहे. नक्षीची अंतर्गत मांडणी कंपनीने सांगितलेली नव्हती. अशा वेळी एक लहानशी नक्षी भरून स्मृती उतरवून घ्यायची, मग एकच टाका बदलून पुन्हा उतरवायची आणि दोन्ही नोंदी शेजारी ठेवून कोठे फरक पडला ते पाहायचे. रुंदी बदलली, उंची बदलली, क्रमांक बदलला की प्रत्येक वेळी वेगळे बाइट हलतात. अशाच तुलनेतून प्रत्येक नक्षीची ७ बाइटची शीर्षनोंद ओळखता आली, आणि मोजमापे दशमान अंकांत, प्रत्येक अंक चार बिटांत लिहिलेली असल्याचे समजले. पाठभेदांची तुलना करून मूळ संहिता शोधणाऱ्यांना ही पद्धत परकी वाटू नये.

देखभाल

या ड्राइव्हच्या मृत्यूचे नेहमीचे कारण इलेक्ट्रॉनिक नसून रबरी आहे. मोटरची गती डिस्कपर्यंत नेण्यासाठी आत एक चपटा रबरी पट्टा असतो. कालांतराने तो ताणला जातो, तुटतो किंवा विरघळून डांबरासारखा चिकट होतो. चिकटा कप्प्यांवर राहिला तर नवा पट्टा घसरतो आणि गती बिघडते. म्हणून जुन्याचे सर्व अवशेष आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मगच त्याच मापाचा पट्टा बसवावा लागतो. पट्टा फार घट्ट असल्यास मोटरवर ताण येतो, सैल असल्यास वाचन चुकते. गोंद झालेल्या पट्ट्यासह ड्राइव्ह चालू करून ‘बघू चालते का’ असे करणे टाळलेलेच बरे, कारण चिकटा उडून डिस्कवर व वाचनशीर्षावर जाऊ शकतो.

वाचनशीर्षही अल्कोहोलने हलक्या हाताने स्वच्छ केले जाते. बुरशी धरलेली एक डिस्क शीर्ष मळवते आणि ते मळके शीर्ष पुढच्या निरोगी डिस्कला ओरखडे पाडते. म्हणून दर डिस्केनंतर शीर्ष तपासण्याची शिस्त पाळली जाते. सेलच्या कप्प्यात विसरलेले जुने सेल गळून धातूच्या पट्ट्या गंजवतात, तेही पाहावे लागते. टँडीच्या जुन्या अडॅप्टरमध्ये आतली पिन ऋण असे, तर आजच्या बहुतेक अडॅप्टरमध्ये ती धन असते. या उलटसुलटीने चालू उपकरण क्षणात जळू शकते.

संगणकाला जोडणारी तारही साधी नाही. टँडीच्या तारेच्या टोकाशी विद्युत पातळी बदलणारे छोटे मंडल बसवलेले असते. तार हरवल्यास केवळ पिनेला पिन जोडून भागत नाही. कोऱ्या डिस्कची निवडही जपून करावी लागते. १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीचा चुंबकीय लेप वेगळा असल्याने तिच्यावर लिहिलेले टिकेलच असे नाही, त्याऐवजी ७२० किलोबाइटची जुनी डिस्क घ्यावी लागते.

पर्यायी साधने आणि डिस्कांचे जतन

ड्राइव्हचे सोंग घेण्याची कल्पना नवी नाही. ट्रॅव्हलिंग सॉफ्टवेअर या अमेरिकी कंपनीने त्या काळीच डेस्कलिंक नावाची प्रणाली काढली होती, जिच्यामुळे टेबलावरचा संगणक मॉडेल १००ला ड्राइव्ह भासे. आज त्याच धर्तीच्या मुक्त प्रणाली उपलब्ध आहेत. शिवाय अर्डुइनोसारख्या छोट्या मंडलावर मेमरी कार्ड बसवून खिशात मावणारी ‘ड्राइव्ह’ही हौशी लोकांनी तयार केली आहे. रोजच्या वापराला ही साधने मूळ ड्राइव्हपेक्षा खात्रीची ठरतात. जुन्या डिस्का वाचण्याच्या कामी मात्र ती निरुपयोगी आहेत, आणि मूळ ड्राइव्ह जिवंत ठेवण्याच्या खटाटोपाचे हेच खरे कारण आहे.

डिस्कची प्रत घेताना केवळ फाइली उतरवल्या तर १२ बाइटची ओळखक्षेत्रे मागे राहतात. विणकाम यंत्राच्या डिस्कवर तर नेहमीच्या अर्थाने फाइली नसतातच. त्यामुळे ८० विभाग व त्यांची ८० ओळखक्षेत्रे अशी समग्र प्रतिमा घेणे हीच मान्य रीत आहे.

मूळ ड्राइव्ह मिळतच नसेल तर आणखी एक मार्ग आहे. फ्लक्सइंजिन ही मुक्त प्रणाली, तिच्यासाठीच्या स्वस्त मंडलासह, नेहमीच्या फ्लॉपी ड्राइव्हकडून डिस्कवरील चुंबकीय बदलांमधील काळाचे अंतर तेवढे नोंदवून घेते आणि त्या नोंदीतून एफबी-१००चे विभाग सोडवते. डिस्क क्षीण झालेली असल्यास ही पद्धत अधिक सोयीची ठरते, कारण एकदा घेतलेली नोंद डिस्क पुन्हा न फिरवता हवी तितक्या वेळा तपासता येते.