सव्वाशे की अडीचशे? मातीवरच्या शर्यतीची गाडी निवडताना

मोटोक्रॉसची शर्यत तुम्ही कधी पाहिली आहे काय? या शर्यतीला डांबरी रस्ता लागत नाही. मातीचे उंचवटे, खोल चाकोऱ्या, चिखल आणि एकदम वळणारी वाट, असे तिचे मैदान असते. गाड्या उंचवट्यावरून सुटतात, काही मीटर हवेतून जातात आणि पलीकडच्या उतारावर उतरतात. आपल्याकडे पुणे, नाशिक येथेही मातीवरच्या अशा शर्यती झालेल्या आहेत.

अशा शर्यतींचा नाद असलेला अकरावीतील एक विद्यार्थी एकदा माझ्याकडे आला. दोन वर्षे त्याने ८५ सीसीची लहान गाडी चालविली होती. ती आता त्याला अपुरी पडू लागली होती आणि वडील मोठी गाडी घेऊन देण्यास तयार झाले होते. त्यासाठी त्यांनी साठविलेल्या पैशांतून रक्कम बाजूला काढली होती. त्याचा प्रश्न असा होता : "सर, १२५ आणि २५० सीसीच्या गाड्यांत वजनाचा फरक फक्त सातआठ किलोंचा आहे. शक्ती मात्र पुष्कळ जास्त मिळते. मग २५० का घेऊ नये?"

प्रश्न पैशांचा होता, तसाच हातपाय शाबूत राहण्याचाही होता. म्हणून उत्तर अंदाजाने न देता आम्ही दोघे कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तो हिशेब तुम्हीही करून पाहा. त्यात तुमच्या पाठ्यपुस्तकाबाहेरचे फारसे काही नाही.

दोन धावांचे एंजिन

सिलिंडरमध्ये दट्ट्या वरखाली होतो. त्याच्या वर किंवा खाली जाण्याच्या एका खेपेला धाव म्हणतात. चार धावांच्या एंजिनात हवा व इंधन आत घेणे, दाबणे, जाळणे आणि धूर बाहेर टाकणे या चार कामांना चार धावा लागतात. म्हणजे क्रँकच्या दर दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो. दोन धावांच्या, म्हणजे टू-स्ट्रोक एंजिनात हीच कामे दोन धावांत उरकतात. दट्ट्या वर जाताना वरच्या बाजूला मिश्रण दाबले जाते आणि त्याच वेळी खालच्या क्रँकपेटीत नवे मिश्रण ओढले जाते. स्फोटानंतर दट्ट्या खाली येताना सिलिंडरच्या भिंतीतील झरोके उघडे पडतात. एकातून धूर बाहेर जातो, तर इतरांतून क्रँकपेटीतील ताजे मिश्रण वर येते. क्रँकच्या प्रत्येक फेरीत एक स्फोट होतो. झडपा नाहीत, त्या हलविणारा दांडा नाही. म्हणून एंजिन हलके होते.

शर्यतीच्या १२५ सीसी एंजिनाचा व्यास बहुधा ५४ मिमी. आणि धावेची लांबी ५४.५ मिमी. असते. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र वापरा, उत्तर जवळजवळ १२५ घन सें.मी. येईल. चहाच्या एका लहान पेल्यात मावेल एवढी ही जागा! हे एंजिन मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १८३ स्फोट होतात. त्यातून सुमारे ३६ अश्वशक्ती मिळते.

आता तुलनेसाठी तुमच्या वडिलांच्या पिढीची आवडती यामाहा आरएक्स १०० घेऊ. भारतात तिचे उत्पादन १९८५ ते १९९६ या काळात झाले. तिचे एंजिनही दोन धावांचेच, ९८ सीसीचे. ते ७,५०० फेऱ्यांना ११ अश्वशक्ती देत असे. शर्यतीच्या एंजिनाचे घनफळ तिच्या १.२७ पट आणि फेऱ्यांचा वेग १.४७ पट आहे. ११ ला या दोन्हींनी गुणले तर सुमारे साडेवीस अश्वशक्ती येते. मग ३६ कोठून आली? उरलेली वाढ झाली ती मुख्यतः एका पत्र्याच्या नळीमुळे.

नळीतील ध्वनितरंग

शर्यतीच्या टू-स्ट्रोक गाडीची धुराची नळी तुम्ही पाहिली असेल. ती मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळती असते. हा आकार शोभेसाठी नाही. धुराचा झरोका उघडताच दाबाचा एक तरंग नळीतून धावू लागतो. नळी रुंद होत जाते तेथून विरळतेचा तरंग परत येतो. तो सिलिंडरमधील उरलासुरला धूर ओढून घेतो. त्याबरोबर थोडे ताजे मिश्रणही नळीत निसटते. पुढे नळी निमुळती होऊ लागते तेथून दाबाचा तरंग परावर्तित होतो. झरोका बंद होण्याच्या अगदी आधी तो परत पोचला, तर निसटलेले मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलले जाते. बंद व उघड्या नळीतील परावर्तन तुम्ही ध्वनीच्या प्रकरणात शिकता, तेच हे.

पूर्व जर्मनीतील एमझेड कारखान्याचे अभियंते वाल्टर काडेन यांनी या नळीचा शास्त्रशुद्ध विकास केला. १९६१ पर्यंत त्यांच्या १२५ सीसी एंजिनाने २५ अश्वशक्तीची मजल गाठली होती. म्हणजे लिटरमागे २०० अश्वशक्ती! त्याच वर्षी त्यांचा शर्यतपटू एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे निघून गेला आणि सुझुकी कंपनीसाठी काम करू लागला. त्याच्याबरोबर ही विद्याही जपानला पोचली.

नळीची लांबी किती असावी? ११,००० फेऱ्यांना एका फेरीला ५.४५ मिलिसेकंद लागतात. धुराचा झरोका ३६० अंशांपैकी सुमारे १९५ अंश उघडा असतो, म्हणजे सुमारे २.९५ मिलिसेकंद. तापलेल्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला ५१० मीटरच्या आसपास धरू. तेवढ्या वेळात तरंग दीड मीटर जातो. जाऊन परत यावयाचे असल्याने परावर्तनाचे स्थान पाऊण मीटरवर हवे. प्रत्यक्षातील नळ्यांची लांबी याच सुमाराची असते.

परंतु हीच नळी ६,००० फेऱ्यांना काय करील? आता झरोका सुमारे ५.४ मिलिसेकंद उघडा राहतो आणि तरंग मात्र पूर्वीइतक्याच वेळात परततो. तो फार लवकर येतो आणि ऐन वेळी अडथळा करतो. म्हणून या एंजिनाची शक्ती फेऱ्यांच्या एका अरुंद पट्ट्यातच भरभरून मिळते. पट्ट्याखाली गाडी मरगळते आणि पट्ट्यात शिरताच एकदम उसळते. झरोक्याची उंची बदलणारी झडप बसवून हा पट्टा थोडा रुंद करतात, पण स्वभाव तोच राहतो. १२५ चा चालक सतत गिअर बदलतो, तो हा पट्टा हातचा जाऊ नये म्हणून.

माती किती शक्ती घेते?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. १२५ ची गाडी पेट्रोलसह सुमारे ९५ किग्रॅ. भरते. टू-स्ट्रोक २५० सुमारे १०३ किग्रॅ. भरते आणि तिची शक्ती ४५ ते ५० अश्वशक्ती असते. आमच्या विद्यार्थ्याचे वजन, शर्यतीचा पोशाख धरून, ५५ किग्रॅ. होते. म्हणजे १२५ वर एकूण वस्तुमान १५० किग्रॅ.

मागचे चाक गाडीला पुढे ढकलते ते घर्षणाने. मातीवर घर्षणांक ०.६ धरू आणि जोरात वेग घेताना सगळा भार मागच्या चाकावर आला असे समजू. प्रत्यक्षात तो याहून कमीच असतो. मग जास्तीत जास्त बल १५० × १० × ०.६, म्हणजे ९०० न्यूटन. ताशी ५४ किमी., म्हणजे सेकंदाला १५ मीटर वेगाने जाताना एवढ्या बलासाठी लागणारी शक्ती ९०० × १५, म्हणजे १३,५०० वॉट, अर्थात सुमारे १८ अश्वशक्ती!

या आकड्याकडे नीट पाहा. मोटोक्रॉसची मैदाने वळणावळणांची असतात. तेथे गाड्यांचा सरासरी वेग याच सुमारास असतो. या वेगाला माती १८ अश्वशक्तीहून अधिक घेऊच शकत नाही आणि १२५ कडे तिच्या पट्ट्यात त्याच्या दुप्पट शक्ती आहे. उरलेली शक्ती चाक घसरविते किंवा पुढचे चाक उचलते. २५० घेतली तर वाढते ती ही उरलेली शक्ती. कसलेला चालक मूठ जराशी पिळून तिला काबूत ठेवतो. लांब सरळ वाटेवर, जेथे वेग पुष्कळ वाढतो, तेथे त्याला तिचा खरा उपयोग होतो. नवशिक्याच्या हातात मात्र ती ऐन वळणावर उसळते आणि मग काय होते ते सांगावयास नको.

"म्हणजे मी जी शक्ती वापरू शकणार नाही तिच्यासाठी बाबांनी पैसे द्यायचे," तो म्हणाला. मी म्हटले, "आणि पडण्याची जोखीम वर फुकट!"

वजन आणि उंची

गाडी अंगाला बसते की नाही, हे पाहणे तितकेच महत्त्वाचे आहे. ६५ सीसीची गाडी सुमारे ६१ किग्रॅ. भरते आणि तिची बैठक जमिनीपासून सुमारे ७५ सें.मी. उंच असते. ८५ ला हे आकडे साधारण ७५ किग्रॅ. व ८६ सें.मी., तर १२५ ला ९५ किग्रॅ. व ९७-९८ सें.मी. असतात. आडवी पडलेली गाडी उचलताना ती तरफेसारखी चाकांवर कलते आणि सुरुवातीला तिच्या वजनाच्या निम्म्याहून थोडा कमी जोर लागतो. १२५ साठी हा जोर सुमारे ४० किलो झाला. शर्यतीत दमल्यावर, चिखलात, एवढा जोर तुमच्याने लागेल काय? लागत नसेल तर अजून एक वर्ष लहान गाडीवर काढणे शहाणपणाचे.

उडीचा हिशेबही पाहा. दीड मीटर उंचीवरून गाडी सपाट जमिनीवर आली आणि तिच्या स्प्रिंगा ३० सें.मी. दबल्या, तर सरासरी बल वजनाच्या (१.५ + ०.३) ÷ ०.३, म्हणजे सहापट होते. १५० किग्रॅ. वस्तुमानाला हा ९०० किलोंचा धक्का! रस्त्यावरच्या गाडीच्या स्प्रिंगा १० सें.मी. दबतात असे धरले, तर तो सोळापट होईल. मातीवरची गाडी एवढी उंच का असते आणि चालक उतारावरच उतरण्याची धडपड का करतात, हे आता तुमच्या लक्षात येईल. स्प्रिंगांचा कडकपणा मात्र चालकाच्या वजनाशी जुळावा लागतो. गाडी घेतल्यावर पहिला खर्च बहुधा यावर करावा.

जुनी गाडी घेताना

टू-स्ट्रोकची रचना सोपी असली, तरी ती काळजी मागते. क्रँकपेटीतून मिश्रण जात असल्याने तेथे वेगळे तेल साठविता येत नाही. म्हणून पेट्रोलमध्येच ठराविक प्रमाणात तेल मिसळतात. अनेक गाड्यांना ३० ते ४० भागांस एक भाग तेल लागते. ज्या त्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेले प्रमाणच पाळावे. तेल विसरले की दट्ट्या सिलिंडरमध्ये अडकलाच.

थंड एंजिन एकदम भरधाव करणेही तसेच घातक. पाण्याने वेढलेल्या सिलिंडरपेक्षा ॲल्युमिनियमचा दट्ट्या आधी तापतो. दोघांच्या तापमानात ४०° से. फरक पडला, तर ५४ मिमी. व्यासाचा दट्ट्या ५४ × ०.००००२३ × ४०, म्हणजे सुमारे ०.०५ मिमी. जास्त फुगतो. दट्ट्या व सिलिंडर यांमधली मूळ फट जवळजवळ एवढीच असते! म्हणून आधी दोनचार मिनिटे एंजिन सावकाश तापू द्यावे. दट्ट्या व त्याची कडी ठराविक तासांच्या वापरानंतर बदलावी लागतात. जुनी गाडी घेताना रंगापेक्षा सिलिंडरमधील दाब, क्रँकच्या बेअरिंगची ढिलाई आणि मागच्या मालकाने ठेवलेली तासांची नोंद पाहावी.

टू-स्ट्रोकचे दोष झाकून चालणार नाही. थोडे मिश्रण न जळताच बाहेर जाते आणि तेल जळून धूर होतो. रस्त्यावरून ही एंजिने मागे पडली ती यामुळेच. शर्यतीतही चार धावांच्या २५० सीसी गाड्यांना १२५ च्या जोडीने स्थान मिळाले. २००४ पासून जागतिक स्पर्धेत या वर्गाला एमएक्स २ म्हणतात. तेथे रुंद पट्ट्याच्या चार धावांच्या गाड्यांनी बाजी मारली. तरीही युरोपच्या स्पर्धेत १२५ टू-स्ट्रोकचा स्वतंत्र वर्ग आहे. तरुण चालक तेथेच घडतात.

१२५ सीसीची जागतिक स्पर्धा १९७५ मध्ये सुरू झाली. पहिली तिन्ही वर्षे, १९७५, १९७६ व १९७७, बेल्जियमचा गास्टन राहिये तीत सुझुकीवर विजयी झाला. तो चणीने बराच बुटका होता. याच राहियेने पुढे १९८४ व १९८५ मध्ये भल्यामोठ्या बीएमडब्ल्यूवर पॅरिस-डाकार शर्यतही जिंकली. मोठ्या गाडीवर तो गेला, पण लहान गाडीवर हात पक्का करून.

आमच्या विद्यार्थ्याने चांगल्या स्थितीतली जुनी १२५ घेतली. वाचलेल्या पैशांतून उत्तम शिरस्त्राण, बूट, छाती व मानेची संरक्षक साधने आणि दट्ट्यांचा एक सुटा संच आला. गाडी तो टेम्पोत घालून मैदानावर नेतो. शर्यतीच्या गाडीला दिवे नसतात, ती रस्त्यासाठी नाही. शिवाय अठरा वर्षांखालील मुलांना गिअरची मोटारसायकल रस्त्यावर चालविण्याचा परवाना मिळत नाही.

आता तुमच्यासाठी एक उदाहरण : ८५ सीसीचे एक एंजिन १२,००० फेऱ्यांना सर्वाधिक शक्ती देते. झरोका तितकेच अंश उघडा राहतो असे धरून त्याच्या नळीची लांबी काढा. ती १२५ च्या नळीपेक्षा कमी का येते, हे वर्गातल्या मित्राला सूत्र न वापरता सांगता आले, तर विषय तुम्हाला समजला असे खुशाल समजा.