दुसरी पसंती दिल्याने पहिली घटत नाही

शिवाजी विद्यापीठाच्या अधिसभेवर (अंदाजपत्रकाबाबत निर्णय घेणारे प्रातिनिधिक मंडळ) सातारा, सांगली व कोल्हापूरचे नोंदणीकृत पदवीधर १० प्रतिनिधी निवडून देतात. मतदान पसंतीक्रमाने होते. नावांपुढे १, २, ३ असे आकडे घालायचे. दुसऱ्याला ‘२’ दिला की पहिल्याचे मत घटते, असा पुष्कळांचा समज आहे. तसे होत नाही. ‘मेथी आण, नसेल तर पालक’ असे सांगून कुणाला मंडईत धाडले आणि मेथीची जुडी मिळाली, तर पालकाचा प्रश्नच येत नाही. पहिला उमेदवार बाद झाला, किंवा कोटा (विजयाला लागणारी मते) पुरा होऊन त्याची मते उरली, तरच ‘२’ कामी येतो. भीतीपोटी एकाच आकड्यावर थांबणे म्हणजे हक्क अर्धाच वापरणे. ‘१’ मात्र हवाच. नुसती बरोबरची खूण केलेली मतपत्रिका अवैध ठरते.