गाय उलटते? आधी अंड्याची शिदोरी पाहा

गाय तीनदा भरवली आणि तिन्ही वेळा उलटली, की आपण दोष देतो कांडीला, नाहीतर डॉक्टरला. मागे श्रावणात एक गोपालक अशीच एक संकरित गाय बाजारात न्यायला निघाला होता. मी विचारलं, "मे महिन्यात ही कुठं बांधली होती?" म्हणाला, "पत्र्याखाली. जागाच नव्हती." श्रावणातल्या उलटण्याचा मे महिन्याशी काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. संबंध आहे, तो असा.

शिदोरी आईची

गाईचं अंडं मिलीमीटरच्या जेमतेम आठव्या हिश्श्याएवढं. वळूचं बीज त्यात शिरतं ते मुख्यतः वडिलांकडचे आनुवंशिक गुण घेऊन. प्रथिनं, ऊर्जा तयार करणारे सूक्ष्म घटक, पेशी विभागण्याची सामग्री, ही बाकी सगळी शिदोरी अंड्यातली, म्हणजे आईची. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ पेशी होईपर्यंत गर्भ याच शिदोरीवर जगतो. आठ ते सोळा पेशी झाल्यावर, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी, त्याची स्वतःची चूल पेटते. उंदरात हे दोन पेशींवरच घडतं, माणसात चार ते आठवर.

ही शिदोरी ठेवलेली कुठं असते? अंड्यात जाळीसारखे बारीक धागे असतात, हे शास्त्रज्ञांना 1960च्या दशकापासून दिसत होतं. त्यांचं काम मात्र उलगडत नव्हतं. जर्मनीतील ग्योटिंगेन येथील मॅक्स प्लांक संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2023 मध्ये दाखवून दिलं, की गर्भाला लागणारी प्रथिनं या जाळीवर साठवलेली असतात. जणू माळ्यावरची कणगीच! ज्या उंदरांच्या अंड्यात ही जाळी तयार होत नाही, त्यांचे गर्भ सुरुवातीलाच खुंटतात.

कणगी भरते कधी?

आज सुटणारं अंडं तीन महिने किंवा त्याहूनही आधीपासून वाढीला लागलेलं असतं. त्या काळात गाय उन्हानं धापा टाकत असेल किंवा विल्यानंतर खंगली असेल, तर शिदोरी कमी पडू शकते. म्हणून उन्हाळा सरला तरी त्याचा फटका पुढच्या दोन-तीन माजांपर्यंत जाणवतो.

एवढं करा

• गाय विण्याआधी दोन महिने आटवा. विल्यावर तिला खंगू देऊ नका. हिरवा-वाळला चारा, पेंड आणि खनिज मिश्रण रोज द्या.
• उन्हाळ्यात झाडाची सावली, पत्र्यावर पाचट आणि दिवसभर पाणी असू द्या.
• सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. सुटलेलं अंडं काही तासच टिकतं.
• भरवल्यावर पहिले तीन-चार दिवस गाय उन्हात हिंडवू नका. स्वतःची चूल न पेटलेल्या गर्भाला ताप सोसत नाही.
• गाय तीनदा उलटली तर गर्भाशय तपासून घ्या. आतला दाह नुसत्या खुराकानं जात नाही.

त्या गोपालकानं गाय विकली नाही. तपासणीत गर्भाशय निरोगी निघालं. त्यानं गोठ्यावर पाचट टाकलं, खुराक सुधारला आणि दिवाळीनंतर गाय भरवली. ती राहिली. सगळ्याच गाई अशा राहतील असं मी म्हणत नाही. पण बाजाराची वाट धरण्याआधी मागचे तीन-चार महिने जरूर आठवून पाहा.