जीवाश्माचे हस्तलिखित: गैरसमज आणि वस्तुस्थिती

महाराष्ट्रातून भूशास्त्राचे जे विद्यार्थी चेन्नईत माझ्याकडे येतात, ते बहुधा अरियलूरहून परतताना येतात. आपल्या प्रांताची बहुतेक भूमी बेसॉल्टाच्या थरांखाली गाडली गेली असल्यामुळे, क्रिटेशस काळातील समुद्राचे अवशेष विपुल प्रमाणात डोळ्यांनी पाहावयाचे व हाताळावयाचे, तर पुण्या-नागपूरच्या मुलांना कावेरीच्या खोऱ्यातील चुनखडीपर्यंत प्रवास करावाच लागतो. मग पाठीवरच्या पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला एखादा अमोनाइट, म्हणजे चक्राकार कवचाच्या लुप्त सागरी प्राण्याचा जीवाश्म, निघतो, मोठ्या जपणुकीने टेबलावर ठेवला जातो, आणि प्रश्न येतो, ‘‘सर, यावर पेपर होईल ना? कुठे पाठवू?’’ मी उलट विचारतो की, हा कोणत्या थरातून उचललास. आणि बहुतेक वेळा उत्तर येत नाही. त्या क्षणिक स्तब्धतेत जीवाश्मविषयक लेखनासंबंधीचे बहुतेक गैरसमज एकवटलेले असतात, म्हणून त्यांचा खुलासा सविस्तर करण्याचे योजिले आहे.

पहिला गैरसमज असा की, वस्तू सापडली म्हणजे शोध लागला आणि बातमी छापून आली म्हणजे तो सिद्ध झाला. २०२० साली पेरांबलूर जिल्ह्यातील कुन्नम येथे तळ्याचे काम चालू असता मोठमोठे वाटोळे दगड निघाले आणि डायनोसॉरची अंडी सापडल्याची वार्ता सर्वदूर पसरली. जाणकारांनी जाऊन पाहिले तेव्हा ते सागरी गाळाचे, अमोनाइटांशी संबंधित असे कठीण गोळे असल्याचे त्यांनी सांगितले. बातमी देणाऱ्यांचा उत्साह स्वाभाविक होता. परंतु अंडे म्हणावयाचे तर कवचाचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली दाखवावा लागतो, त्याची रचना वर्णावी लागते आणि ज्या थरात ते सापडले तो थर समुद्रतळाचा की नदीकाठचा, याचा निर्णय करावा लागतो. हस्तलिखित म्हणजे ह्या सर्व पुराव्याची रीतसर मांडणी होय, आणि ती होईपर्यंत शोध हा केवळ दावा असतो.

दुसरा गैरसमज अधिक खोल आहे. हस्तलिखिताचा प्राण त्याच्या भाषेत, विशेषतः सफाईदार इंग्रजीत, असतो असे आमच्या विद्यार्थ्यांस वाटते, आणि म्हणून ते महिनेच्या महिने वाक्ये घासण्यात घालवितात. वस्तुतः भाषा सुधारून देणारे भेटतात. संपादकही अर्थ स्पष्ट असेल तर सांभाळून घेतात. जे कोणीच सुधारून देऊ शकत नाही, ते म्हणजे नमुन्याचा ठावठिकाणा. वर्णिलेला प्रत्येक नमुना कोणत्या सार्वजनिक संग्रहात, कोणत्या क्रमांकाखाली जमा आहे, हे हस्तलिखितात लिहावे लागते. नव्या प्राणिजातीचा प्रश्न असेल तर हा केवळ शिरस्ता राहत नाही, तो नियम होतो: १९९९ नंतर प्रसिद्ध झालेल्या जातिनामासाठी होलोटाइप, म्हणजे ज्या एका नमुन्याशी ते नाव कायमचे बांधले जाते तो नमुना, स्पष्ट शब्दांत मुक्रर करणे आणि तो कोठे ठेवला आहे वा ठेवला जाणार आहे ते सांगणे, आंतरराष्ट्रीय प्राणिनामसंहितेने आवश्यक केले आहे. स्वतःच्या कपाटात ठेवलेला दगड, तो कितीही अपूर्व असो, विज्ञानाच्या दफ्तरी दाखल झालेला नसतो.

याचे मर्म समजून घ्यावयाचे तर कल्लमेडूची हकीकत ऐकावी. अरियलूर परिसरातील ह्या गावाजवळ, क्रिटेशस काळाच्या अखेरच्या थरांत, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या यादगिरी व अय्यासामी यांना एका प्रचंड प्राण्याची हाडे आढळली, आणि १९८७ च्या निबंधात त्यांनी त्यास ‘बृहत्कायोसॉरस’ असे आपल्या संस्कृतातून घेतलेले सार्थ नाव दिले. नडगीचे हाडच सुमारे २ मीटर लांबीचे असल्याची नोंद होती. लेखकांनी त्या प्राण्याची गणना मांसाहारी डायनोसॉरांत केली. पुढे इतरांनी तो लांब मानेच्या शाकाहारी महाकायांपैकी असावा असे मत दिले. आणि तो प्राणी शंभर टनांहूनही जड असावा, म्हणजे आजवर भूमीवर चाललेल्या सर्वांत मोठ्या जीवांत त्याची गणना व्हावी, असेही अंदाज मांडले गेले. परंतु मूळ निबंधातील वर्णन त्रोटक, चित्रे मोजकी, आणि त्यांवरून निर्णय करू पाहणाऱ्यास आधार अपुरा पडे. हे हाड नसून अश्मीभूत लाकूड तर नव्हे, अशीही शंका काहींनी बोलून दाखविली. अशा वेळी सरळ उपाय म्हणजे मूळ हाडे पुन्हा पाहणे. पण ती हाडे भंगून नष्ट झाली होती, आणि ती आता अस्तित्वात नाहीत ही गोष्ट २०१७ साली छापून आली. २०२२ साली शोधाच्या काळची जुनी छायाचित्रे प्रसिद्ध करण्यात आली, तेव्हा कोठे ती हाडेच होती ह्या मतास बळकटी मिळाली.

त्या शोधकर्त्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. ठिसूळ खडकातून एवढे मोठे हाड अखंड काढणे किती दुष्कर असते, हे ज्याने प्रयत्न केला आहे तोच जाणतो. सांगावयाचे ते इतकेच की, नमुना नष्ट झाला त्या दिवशी त्याचा सर्व भार निबंधाच्या थोड्या पानांवर आणि त्यांतील चित्रांवर येऊन पडला. जीवाश्मविज्ञानातील हस्तलिखित लिहिताना, आपला दगड उद्या नाहीसा होणार आहे असे गृहीत धरून लिहावे, हा माझा विद्यार्थ्यांना पहिला आणि कळकळीचा आग्रह असतो.

यावरून चित्रांसंबंधीचा गैरसमज आपोआप दूर व्हावा. चित्र म्हणजे लेखाचे भूषण नव्हे, तो पुरावा होय. अश्मीभूत वनस्पतींच्या बाबतीत तर, १९१२ च्या आरंभापासून प्रसिद्ध झालेले जातिनाम जातीची लक्षणे दाखविणाऱ्या आकृतीवाचून ग्राह्यच धरले जात नाही. तिरुवक्करैच्या किंवा सात्तनूरच्या अश्मीभूत खोडांवर लिहू इच्छिणाऱ्याने हे ध्यानी ठेवावे. आणि चांगले चित्र मिळविणे हे हस्तकौशल्याचे काम आहे. अमोनाइटाच्या पृष्ठभागावर डाग असतात, एक भाग तांबूस तर दुसरा करडा असतो, आणि छायाचित्रात हे रंगच उठून दिसून खऱ्या कंगोऱ्यांना झाकून टाकतात. म्हणून नमुना आधी एकसारखा काळा करतात, मग काचेच्या नळीत थोडा नवसागर घालून नळी मंद ज्योतीवर तापवितात, आणि निघणारा पांढरा धूर अलगद त्यावर सोडतात. बोटाच्या स्पर्शाने पुसला जाईल इतका तलम पांढरा थर चढतो, आणि डाव्या बाजूने वरून तिरपा प्रकाश टाकताच, घटकेपूर्वी दिसत नसलेली प्रत्येक बारीक रेघ सावलीसह उभी राहते. आमच्या चेन्नईच्या हवेत, विशेषतः कार्तिकातील ईशान्य मोसमी पावसात, हा थर ओलावा धरून पाहता पाहता गुठळतो; म्हणून कॅमेरा, दिवा आणि मापपट्टी आधी सज्ज ठेवून मगच नळी तापवावी, आणि काम होताच नमुना धुऊन वाळवावा, कारण नवसागर दगडावर राहू देणे हितावह नाही. मापपट्टीवाचूनचे छायाचित्र आणि धूसर वा लहान केलेली प्रतिमा यांमुळे उत्तम हस्तलिखितेही परत येतात.

आता स्थळाविषयी. ‘अरियलूरजवळ’ एवढे लिहिल्याने भागते, ही समजूत सर्वांत घातक. अक्षांश-रेखांश, खडकाचे औपचारिक नाव, थराची खालून मोजलेली उंची आणि सोबत सापडलेले इतर जीव, ह्या तपशिलाशिवाय जीवाश्म म्हणजे हवाला नसलेली हुंडी होय. १९८९ साली ऑस्ट्रेलियाचे जॉन टॅलेंट यांनी ‘नेचर’ ह्या साप्ताहिकात जो लेख लिहिला, त्याने हिमालयाच्या जीवाश्मविज्ञानास हादरा दिला. भारतातील एका प्राध्यापकांनी सुमारे पंचवीस वर्षे हिमालयातून आले म्हणून वर्णिलेले कित्येक नमुने न्यूयॉर्क, मोरोक्को अशा दूरच्या ठिकाणचे दिसतात, असा त्यांचा आरोप होता. सांगितलेली स्थळे इतकी संदिग्ध होती की, इतरांनी तेथे जाऊन पडताळा घेणेच अशक्य झाले होते. एकाच्या लेखणीने शेकडो पानांचे साहित्य संशयित होते, आणि प्रामाणिक सहलेखकांचे श्रमही त्याबरोबर वाहून जातात.

नावासंबंधी दोन शब्द. प्रबंधात किंवा परिषदेच्या सारांशात नवे नाव लिहिले म्हणजे ते आपले झाले, असे समजणारे पुष्कळ आहेत. परिषदेतील श्रोत्यांसाठी काढलेला सारांश संहितेच्या दृष्टीने प्रकाशन नव्हे. उलट, वर्णनावाचून फिरू लागलेले नाव पुढे गोंधळ मात्र माजविते. नियतकालिक केवळ संगणकावर प्रसिद्ध होत असेल, तर २०१२ च्या दुरुस्तीनुसार त्या लेखाची ‘झूबँक’ ह्या नोंदवहीत आगाऊ नोंद होऊन तिचा पुरावा लेखातच छापलेला असावा लागतो. हे संपादक पाहून घेतील म्हणून सोडून देऊ नये.

परीक्षकांविषयी आमच्याकडे दोन परस्परविरुद्ध समजुती नांदतात. हस्तलिखित परत आले की परीक्षक हा वैरी वाटतो, आणि स्वीकारले गेले की त्याचा शिक्का म्हणजे सत्याचे फर्मान वाटते. दोन्ही खोट्या. सहसा दोन वा तीन जाणकार मजकूर वाचतात, संपादक त्यांच्या अभिप्रायावरून किरकोळ किंवा मोठी दुरुस्ती सुचवितो किंवा मजकूर नाकारतो. मोठ्या दुरुस्तीची सूचना ही नकार नसून निमंत्रण असते, आणि प्रत्येक आक्षेपाला मुद्देसूद, शांत उत्तर लिहिणे हे लेखकाचे कर्तव्य असते. परंतु ज्यांनी तपासले तेही माणसेच. तिरुचिरापल्ली गटाच्या खडकांतील ‘द्रविडोसॉरस’ १९७९ साली पाठीवर पट्टिका असलेला डायनोसॉर म्हणून वर्णिला गेला, तर पुढे तो समुद्रातला प्लेसिओसॉर असावा असे मत पुढे आले व वाद चालत राहिला. भीमबेटकाच्या गुहेच्या छतावर दिसलेली एक आकृती सुमारे पंचावन्न कोटी वर्षांपूर्वीच्या ‘डिकिन्सोनिया’ ह्या जीवाची म्हणून एका मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध झाली, आणि २०२३ साली ती मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याचा अवशेष असल्याचे दुसऱ्या तुकडीने दाखवून दिले, मूळ लेखकांनीही ते मान्य केले. चूक कबूल करण्याची ही रीत आमच्या विद्यार्थ्यांनी मनापासून उचलावी, असे मला वाटते. म्यानमारच्या अंबरातील ‘ओक्युलुडेंटाव्हिस’ २०२० च्या मार्चमध्ये ‘नेचर’मध्ये पक्षी म्हणून आला व जुलैत तो लेख मागे घेतला गेला, कारण तो प्राणी सरडा ठरला, पण लेख मागे घेतला तरी नाव मात्र ग्राह्यच राहिले.

एकच हस्तलिखित एकाच वेळी दोन ठिकाणी पाठविणे हा उघड अपराध आहे. त्यावर अधिक लिहिण्याचे कारण नाही. खर्चाचा मात्र विनाकारण धसका घेतला जातो. ‘पॅलिऑन्टोलॉजिया इलेक्ट्रॉनिका’ हे १९९८ पासूनचे नियतकालिक लेखकाकडून काहीही आकार न घेता सर्वांस वाचावयास खुले आहे. लखनौच्या भारतीय जीवाश्मविज्ञान परिषदेची पत्रिका आणि बेंगळूरूच्या जिऑलॉजिकल सोसायटीचे मासिक ही तर घरचीच.

आणि परदेशी नियतकालिकात आले तरच काम मोठे, ह्या समजुतीस ह्याच शहराचे उत्तर आहे. ३० मे १८६३ रोजी पल्लवरमला रॉबर्ट ब्रूस फूट यांना आदिमानवाची दगडी हातकुऱ्हाड सापडली. भारताच्या प्राचीनतेची कल्पनाच पालटून टाकणारा तो शोध त्यांनी १८६६ साली येथल्याच ‘मद्रास जर्नल ऑफ लिटरेचर अँड सायन्स’मध्ये मांडला, आणि त्यांचा संग्रह १९०४ साली एग्मोरच्या सरकारी संग्रहालयाकडे आला. त्याचप्रमाणे स्टोलिच्का यांनी दक्षिणेच्या क्रिटेशस जीवांवर लिहिलेले ग्रंथ भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘पॅलिऑन्टोलॉजिया इंडिका’ ह्या भारतातल्याच मालिकेत निघाले, आणि दीडशे वर्षांनंतरही अरियलूरचा अमोनाइट ओळखणाऱ्यास ते उघडावे लागतात.

तेव्हा अरियलूरहून परतणाऱ्या, पिसदुऱ्याला किंवा सिरोंच्याला जाणाऱ्या प्रत्येक मुलामुलीस माझी विनंती आहे: दगड उचलण्याआधी तो जागेवर असतानाचे छायाचित्र घ्या, थर मोजा, वहीत तारीख घाला, आणि हस्तलिखिताची पहिली ओळ लिहिण्याआधी नमुना एखाद्या सार्वजनिक संग्रहालयात जमा करून त्याचा क्रमांक घ्या.