पुढची डिकी : विद्युत मोटारीच्या बॉनेटखालील जागेचा विचार

विद्युत मोटार घरी आली की शेजारीपाजारी सर्वप्रथम बॉनेट उघडून दाखविण्याचा आग्रह धरतात. इंजिन नसलेल्या गाडीत इंजिनाच्या जागी काय असते, याचे कुतूहल स्वाभाविकच होय. बॉनेट उघडल्यावर मात्र अनेकांचा थोडासा विरस होतो. काही चंदेरी पेट्या, नारिंगी रंगाच्या जाड केबली, पाण्याच्या आणि ब्रेक ऑइलच्या बाटल्या, आणि या सर्वांच्या वर व आजूबाजूला बरीचशी मोकळी जागा. मग कोणीतरी सहज म्हणतो, "एवढी जागा वाया का घालविली? एखादी पिशवी आरामात मावली असती."

या उद्गारातूनच एक छोटासा व्यवसाय उभा राहिला आहे. ज्या विद्युत मोटारींना निर्मात्याने पुढे सामानाचा कप्पा दिलेला नाही, त्यांच्या बॉनेटखाली नेमका बसेल असा प्लॅस्टिकचा किंवा फायबरचा टब आता बाजारात स्वतंत्रपणे विकत मिळतो. इंग्रजीत 'फ्रंट' आणि 'ट्रंक' या दोन शब्दांची सांगड घालून त्याला 'फ्रंक' असे नाव पडले. आपल्याकडे सामानाच्या जागेला डिकी म्हणण्याचा प्रघात असल्याने 'पुढची डिकी' हे नाव अधिक सुटसुटीत ठरावे. काही हजार रुपयांची ही वस्तू. परंतु ती ज्या गाडीत बसवायची, तिची किंमत दहा-पंधरा लाखांच्या घरात असते आणि बहुधा त्या गाडीवर बँकेचा बोजा असतो. म्हणूनच हा विषय केवळ हौसेचा राहत नाही.

गाडीच्या पुढल्या भागात सामान ठेवण्याची कल्पना तशी नवी नाही. फोक्सवॅगन बीटलचे इंजिन मागे होते आणि सामानाची जागा पुढे. आपल्याकडे २००९ मध्ये रस्त्यावर आलेल्या टाटा नॅनोचेही इंजिन मागे असल्याने तिच्या पुढच्या झाकणाखाली जादा चाक आणि पेट्रोल भरण्याचे तोंड होते. २०१२ मध्ये अमेरिकेत टेस्लाची 'मॉडेल एस' आली आणि विद्युत मोटारीला पुढेही डिकी असू शकते, ही गोष्ट जगाच्या लक्षात आली. ती गाडी मुळातच विद्युत मोटार म्हणून आखलेली होती. बॅटरी तळाशी आणि चालक मोटर मागच्या आसाजवळ, त्यामुळे पुढचा भाग मोकळा राहिला.

भारतात चित्र वेगळे होते. जानेवारी २०२० मध्ये आलेली पहिली नेक्सॉन ईव्ही ही पेट्रोल-डिझेलवर चालणाऱ्या नेक्सॉनच्याच सांगाड्यावर उभारलेली होती. मोटर पुढे, ती पुढची चाके फिरविणार आणि तिच्यावर विद्युत नियंत्रणाच्या पेट्या रचलेल्या. जुलै २०१९ मध्ये भारतात आलेल्या ह्युंदाई कोनाचीही हीच कथा. दोहोंनाही पुढची डिकी नव्हती. ग्राहकांची मागणी निर्मात्यांच्या कानी पडत होती, हे पुढच्या घडामोडींवरून दिसते. जानेवारी २०२४ मधील पंच ईव्हीला १४ लिटरचा कप्पा मिळाला, तर त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ४५ किलोवॅट-तासांच्या बॅटरीसह आलेल्या नेक्सॉन ईव्हीला ३५ लिटरचा. महिंद्रच्या एक्सईव्ही ९ई या गाडीत हा आकडा १५० लिटरवर गेला. लिटरच्या हिशेबाने अंदाज येत नसेल, तर घरातील १४.२ किलोच्या गॅस सिलिंडरची आतील धारणक्षमता सुमारे ३३ लिटर असते, हे ध्यानात घ्यावे. पंच ईव्हीच्या कप्प्यात २० लिटरच्या पाण्याच्या जारइतकीही जागा नाही.

मग अशा चिमुकल्या जागेसाठी एवढा खटाटोप कशाला? याचे उत्तर प्रवासात सापडते. इंदूर किंवा बडोद्याचे एखादे मराठी कुटुंब गणपतीसाठी विद्युत मोटारीने कोकणात निघाले आहे, अशी कल्पना करावी. मागची डिकी बॅगांनी, फराळाच्या डब्यांनी आणि आरासीच्या सामानाने खचाखच भरलेली. महामार्गावरील जलद चार्जरची केबल त्या यंत्रालाच जोडलेली असते, त्यामुळे तिथपर्यंत अडचण येत नाही. गावच्या घरी मात्र १५ अँपिअरच्या सॉकेटला लावायची केबल स्वतःचीच काढावी लागते आणि ती नेमकी सर्व सामानाच्या तळाशी असते. भर पावसात अंगणात बॅगा उतरवून केबल शोधायची आणि सकाळी चिखलाने माखलेली तीच केबल पुन्हा कपड्यांच्या शेजारी ठेवायची. ही केबल, हवा भरण्याचा छोटा पंप, पंक्चर दुरुस्तीचा संच, हातमोजे आणि पुसण्याचे फडके, एवढ्यासाठी जरी पुढे जागा झाली, तरी ती सोय लहान नव्हे.

रिकामी जागा खरोखरच रिकामी आहे काय?

या प्रश्नाकडे मात्र टब विकणारे सहसा वळत नाहीत. बॉनेटचा पत्रा आणि त्याखालील कठीण भाग यांमध्ये निर्मात्याने जाणीवपूर्वक अंतर राखलेले असते. पादचाऱ्याला गाडीची धडक बसली तर त्याचे डोके पुष्कळदा बॉनेटवर आपटते. तेव्हा पत्रा खाली दबला, तर आघात सौम्य होतो. त्याखाली लगेच कठीण वस्तू लागली, तर तोच आघात जीवघेणा ठरू शकतो. संयुक्त राष्ट्रांच्या यासंबंधीच्या नियमात ३.५ व ४.५ किलो वजनाचे कृत्रिम डोके ताशी ३५ किलोमीटर वेगाने बॉनेटवर आदळून चाचणी घेतली जाते. भारतात पादचारी संरक्षणासाठी एआयएस-१०० हे मानक असून २०१८ पासून नव्या नमुन्याच्या गाड्यांना ते लागू होऊ लागले. म्हणजे जी जागा मालकाला वाया गेलेली वाटते, ती कोणा अनोळखी माणसासाठी राखून ठेवलेली असते. कडक झाकणाचा, अवजारांनी भरलेला आणि बॉनेटच्या पत्र्याला जवळजवळ टेकणारा टब ती जागा खाऊन टाकतो. टबाची निवड करताना त्याची खोली किती आहे यापेक्षा तो वरच्या बाजूने किती अंतर सोडतो, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. आणि याबाबत विक्रेत्याच्या जाहिरातीत बहुधा एक अक्षरही नसते.

हे अंतर घरच्या घरी मोजण्याची एक साधी युक्ती आहे. टब जागेवर ठेवून त्याच्या कडांवर आणि झाकणावर शाडूच्या ओल्या मातीचे उंचसे गोळे प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून ठेवावेत, बॉनेट हलकेच पूर्ण लावावे आणि पुन्हा उघडावे. दबलेल्या गोळ्यांची उरलेली जाडी म्हणजेच प्रत्येक ठिकाणचे अंतर. गोळा चपटा होऊन कागदाइतका उरला असेल, तर तो टब त्या गाडीसाठी नव्हे.

दुसरा विचार विजेचा. नारिंगी केबलींमधून उच्च दाबाची वीज वाहते. सुरक्षा मानकांच्या दृष्टीने ६० व्होल्टच्या वरचा एकदिश दाब हा उच्च दाब समजला जातो. मोटारीच्या मुख्य बॅटरीचा दाब त्याच्या कित्येक पट असतो. नारिंगी रंग हा सजावटीसाठी नसून अनधिकृत हात लागू नये म्हणून दिलेला इशारा आहे. टबाचा तळ, त्याची कंसपट्टी किंवा तिचा स्क्रू या केबलींवर घासता कामा नये. रस्त्यावरील थरथराटाने रोज थोडेथोडे घासले गेलेले आवरण एक-दोन वर्षांनी उघडे पडते. गाडीतील संरक्षक यंत्रणा विद्युतरोधनातील असा दोष ओळखून इशारा देते आणि प्रसंगी गाडी चालू होऊ देत नाही. हे सुरक्षेच्या दृष्टीने उत्तमच, परंतु दुरुस्तीचा खर्च कोणी सोसायचा हा वाद तेथूनच सुरू होतो. याखेरीज साधी १२ व्होल्टची बॅटरीही बहुतेक गाड्यांत येथेच असते. ती उतरली तर मुख्य बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही, म्हणून तिच्यापर्यंत हात पोहोचणे आवश्यक असते. तिच्या दोन्ही टोकांवर पाना पडला तर ठिणगी उडण्यास वेळ लागत नाही.

उष्णतेचेही तसेच. इंजिन नसले तरी रेडिएटर, त्याचा पंखा आणि वातानुकूलन यंत्राचा कॉम्प्रेसर येथे असतोच, आणि विद्युत नियंत्रकाच्या पेट्याही तापतात. पुढून आलेली हवा मागे निघून जाण्याची वाट टबाने अडवू नये. सॅनिटायझर, अत्तराच्या फवाऱ्याच्या बाटल्या आणि पॉवर बँक या वस्तू पुढच्या डिकीत ठेवू नयेत. अग्निशामक नळकांडे तर कदापि नाही. ज्या ठिकाणी आग लागण्याची शक्यता, त्याच ठिकाणी ती विझविण्याचे साधन ठेवणे हा विनोदच होईल.

खाद्यपदार्थांविषयी मात्र विनोद नको. उंदरांनी वायरी कुरतडल्याचा अनुभव अनेक वाहनमालकांच्या गाठीशी आहे. बॉनेटखाली विसरलेला लाडवाचा पुडा उंदरांना आमंत्रण देतो आणि फराळ संपल्यावर ते वायरींकडे वळतात. टबाच्या तळाशी पाणी निचऱ्याचे छिद्र आणि कडेला रबरी पट्टी आहे ना, हेही मुसळधार पावसाच्या प्रदेशात पाहून घ्यावे.

कागदपत्रांची बाजू

बँकेच्या ग्राहकाने टब विकत घेण्यापूर्वी चार कागद उघडून पाहणे इष्ट ठरेल : वॉरंटीची पुस्तिका, नोंदणी प्रमाणपत्र, विमा पॉलिसी आणि कर्जाचा करार.

पहिल्या नेक्सॉन ईव्हीच्या बॅटरी व मोटरला ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत, वॉरंटी देण्यात आली होती. म्हणजे फेब्रुवारी २०२० मध्ये घेतलेल्या गाडीची ही मुदत फेब्रुवारी २०२८ पर्यंत जाते. विद्युत मोटारीत बॅटरी हा सर्वांत महाग भाग. बाहेरून बसविलेल्या वस्तूमुळे बिघाड झाला असे कंपनीने दाखविल्यास त्या भागापुरती वॉरंटी नाकारली जाऊ शकते. म्हणूनच छिद्र न पाडता, वायर न कापता, मूळ बोल्टांच्या जागीच बसणारा टब निवडावा. त्यातही ज्या बोल्टने धडकेची जाणीव करून देणारा संवेदक किंवा विजेची भूजोडणी घट्ट केलेली असेल, त्या बोल्टला हात लावू नये. टबात दिवा हवा म्हणून मूळ वायरीला जोड देण्याचा मोह अनेकांना होतो. बॅटरीवर चालणारा चिकटदिवा अल्प किमतीत मिळतो.

कायद्याचा प्रश्न त्यामानाने सरळ आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणी प्रमाणपत्रातील नोंदी विसंगत होतील असा बदल वाहनात करता येत नाही. वाहनाच्या रचनेत होणारा आणि त्याचे मूळ वैशिष्ट्य पालटणारा बदल, अशी 'बदला'ची व्याख्या त्याच कलमात आहे. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये केरळातील एका प्रकरणात हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदेशीर बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. उचलून बाहेर काढता येणारा टब या व्याख्येत बसेल असे वाटत नाही. मात्र तो मावावा म्हणून आडवी पट्टी कापणे किंवा बॉनेटच्या आतील सांगाड्याला खाच पाडणे, ही निराळी गोष्ट झाली.

विमा पॉलिसीत विद्युत आणि विद्युतेतर जोडवस्तूंसाठी स्वतंत्र रकाने असतात. नंतर बसविलेली वस्तू तेथे दाखविली नाही, तर अपघातात तिची भरपाई मिळत नाही. बिल दाखवून पॉलिसीत तशी नोंद करून घेता येते. टबात ठेवलेल्या सामानाचा प्रश्न वेगळा. गाडीच्या सर्वसाधारण पॉलिसीत वैयक्तिक वस्तूंना संरक्षण नसते, त्यासाठी निराळे पूरक संरक्षण घ्यावे लागते.

कर्ज फिटेपर्यंत गाडी बँकेकडे हायपोथिकेशनने तारण असते आणि तशी नोंद नोंदणी प्रमाणपत्रावर असते. करारात वाहन सुस्थितीत ठेवण्याची आणि त्याच्या रचनेत संमतीविना बदल न करण्याची अट बहुधा आढळते. वर सांगितल्याप्रमाणे निवडलेल्या टबाने या अटीला बाध येत नाही. परंतु वॉरंटी वादात सापडलेली विद्युत मोटार विकायला काढली, तर तिचे मूल्य एकदम घसरते. हे नुकसान कर्जदाराचे, आणि हप्ते थकले असतील तर बँकेचेही. टबासाठी वेगळे कर्ज काढणे तर अनाठायीच. विद्युत मोटारीवर ५ टक्के जीएसटी आहे, परंतु नंतर सुट्या घेतलेल्या अशा वस्तूवर सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के दर लागतो, एवढे हिशेबात धरावे आणि पक्के बिल मागून घ्यावे. वॉरंटी आणि विमा या दोन्ही ठिकाणी तेच उपयोगी पडते.

वार्षिक देखभालीला गाडी नेताना टब घरीच काढून ठेवलेला बरा. शीतकाची आणि ब्रेक ऑइलची पातळी पाहण्यासाठी तंत्रज्ञाला तो काढावाच लागतो, आणि घाईघाईत काढलेली कंसपट्टी परत बसेलच असे नाही. टब बसविताना निघालेले मूळ बोल्ट आणि वॉशर एका लहान डबीत घालून, त्यावर गाडीचा क्रमांक लिहून, बिलासह नोंदणीच्या कागदांशेजारी ठेवावेत.