साथीच्या काळात मनाने आजारी मुलांचे काय झाले?

गेल्या महिन्यात आमच्या चाळीतील एक मुलगी पेढे घेऊन घरी आली. लॅब टेक्निशियनचा कोर्स पुरा करून तिला नोकरी लागली होती. वडील नाका कामगार, आई चार घरची धुणीभांडी करणारी. अशा घरातली मुलगी पायावर उभी राहिली याचा आम्हांला आनंद झाला. निघताना ती दारात थांबली आणि म्हणाली, "काका, लॉकडाऊनमध्ये तुम्ही मला काय म्हणाला होतात, आठवतं का?"

आम्हांला आठवेना.

"तुम्ही म्हणाला होतात, शाळा बंद, घरात बसून खायचं, तुला गं कसलं टेन्शन?"

ती हसत हसत म्हणाली, पण आम्ही मात्र खजील झालो. कारण ती २०१९ पासून मुंबईच्या एका सरकारी रुग्णालयात मानसोपचार घेत होती, हे आम्हांला ठाऊक होते. तिचा पहिला केसपेपर काढायला आम्हीच बरोबर गेलो होतो. आणि आम्ही ते वाक्य बोललो त्या दिवशी तिच्या गोळ्या संपून सतरा दिवस झाले होते.

वाचकहो, कोरोनाच्या साथीविषयी आजवर पुष्कळ लिहून झाले. रोजगार गेला, माणसे गेली, मजूर पायी गावी गेले, हे सगळे आपण पाहिले आणि सोसलेही. परंतु साथ येण्याआधीच जी मुले मनाने आजारी होती, उपचार घेत होती, त्यांचे त्या दोन वर्षांत काय झाले, हे फारसे कुणी विचारले नाही. आम्हीही विचारले नव्हते. म्हणून त्या मुलीच्या, आणि अशाच आणखी एका मुलाच्या संमतीने हे लिहीत आहोत. त्यांची नावे देत नाही.

केसपेपर होता, गाडी नव्हती

आमची वस्ती कल्याणच्या पलीकडची. रुग्णालय मुंबईत. दर महिन्याला ओपीडीत जायचे, डॉक्टरांशी बोलायचे, महिन्याच्या गोळ्या घेऊन यायचे, असा क्रम होता. २३ मार्च २०२० पासून लोकल बंद झाल्या. दोनच दिवसांनी सारा देश बंद झाला. १५ जूनला लोकल पुन्हा धावल्या, पण अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी. सर्वसामान्य माणसाला, तेही ठराविक वेळेतच, गाडीत पाय ठेवायला मिळाला तो १ फेब्रुवारी २०२१ रोजी. म्हणजे ज्याचा दवाखाना लोकलच्या रुळावर अवलंबून होता, त्याचा दवाखाना जवळजवळ दहा महिने तुटला. खाजगी गाडीवाला जाऊन-येऊन अडीच हजार मागत होता. ज्या घरात रेशनच्या तांदळावर दिवस निघत होते, तिथे अडीच हजार आणायचे कुठून?

मनाच्या आजारावरच्या गोळ्या एकदम बंद केल्या तर काय होते, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत नसते. झोप उडते, चक्कर येते, जीव घाबरा होतो, चिडचिड वाढते आणि दबलेला आजार पुन्हा डोके वर काढतो. त्या मुलीचे तेच झाले. ती रात्र रात्र बसून राही, आईवर ओरडे, मग रडे. शेजारच्या एका बाईने बाहेरचं काहीतरी असेल म्हणून कुणाकडे तरी न्यायला सुचवले. वडील म्हणाले, नाटकं करते. आणि आम्ही, चार लोकांत समाजकार्य करणारे म्हणवणारे आम्ही, म्हणालो, तुला कसलं टेन्शन?

एका खोलीत डॉक्टरांचा फोन

अखेर रुग्णालयातील समाजसेविकेचाच फोन आला. जुन्या रुग्णांची यादी घेऊन त्या एकेकाला फोन करीत होत्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टर फोनवर बोलले. केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजीच नियमावली काढून डॉक्टरांना फोनवरून तपासणी करण्याची आणि औषध लिहून देण्याची मुभा दिली होती. काही थोडी औषधे त्यातून वगळली होती, पण तिच्या गोळ्या त्यांत नव्हत्या.

मुभा तर मिळाली, पण दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे चोवीस तास कोंडलेली. डॉक्टर विचारीत होते, झोप येते का, जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का? आणि समोर आई, वडील, आजी, दोन भाऊ टक लावून बसलेले. मुलगी काय सांगणार? ती म्हणाली, "बरी आहे." ती बरी नव्हती. नंतर तिने आईचा फोन घेऊन सार्वजनिक नळाच्या मागे उभे राहून स्वतःच डॉक्टरांना फोन लावला, तेव्हा कुठे खरे काय ते कळले. श्रीमंतांच्या मुलाला दार लावून बोलता येते. आपल्या मुलांना बंद करायला दारच नसते.

पुढे चिठ्ठी व्हॉट्सअपवर आली. नाक्यावरचा केमिस्ट म्हणाला, मोबाईलवरची चिठ्ठी चालत नाही, ओरिजिनल आणा. तेव्हा मात्र मुलीचे वडील आमच्याकडे आले. आम्ही पडलो कारकून. कागदाला कागदाने उत्तर द्यायची सवय. ती नियमावली मोबाईलवर शोधून काढली, तारखेसह केमिस्टपुढे धरली आणि डॉक्टरांशी त्याचे बोलणे करून दिले. गोळ्या मिळाल्या. पण हे काम सतरा दिवस आधी होऊ शकले असते, ही टोचणी आजही आहे.

वॉर्डातील मुले

दुसरा मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा. एप्रिल २०२१ मध्ये, दुसरी लाट ऐन भरात असताना, त्याला रुग्णालयात दाखल करावे लागले. लोक आपल्याविषयी कुजबुजतात, आपल्यावर पाळत ठेवतात, असे त्याला वाटू लागले होते. आता विचार करा, अशा मुलाला जिथे नेले तिथे प्रत्येक माणसाचे तोंड झाकलेले. डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय सगळे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात. आधी नाकात काडी घालून स्वॅब घेतला. निकाल येईपर्यंत वेगळ्या खोलीत ठेवले. तो सांगतो, "काका, मला खात्रीच पटली की हे सगळे कटात आहेत. माणसाचा चेहराच दिसला नाही तर तो हसतोय की रागावलाय, हे कळणार कसं?"

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ असे सांगतो की अठरा वर्षांखालील मुलाला प्रौढ रुग्णांपासून वेगळे ठेवले पाहिजे आणि त्याच्याबरोबर घरचे किंवा घरच्यांनी नेमलेले माणूस सतत राहिले पाहिजे. कायदा चांगला आहे. परंतु साथीच्या काळात जो आत गेला तो आतच, अदलाबदल नाही, असा त्या वॉर्डाचा नियम होता. त्याची आई तीन आठवडे त्याच्याबरोबर आत राहिली. घरी आठ वर्षांची मुलगी शेजाऱ्यांच्या भरवशावर. वडील रोज फाटकापर्यंत यायचे, डबा वॉचमनच्या हाती द्यायचे आणि खिडकीकडे पाहून हात हलवून परत जायचे. वॉर्डात कॅरम होता, चित्रकलेचा तास होता, बागेत फिरणे होते. ते सगळे बंद. उरला तो पलंग, पंखा आणि टीव्हीवर जळणाऱ्या चितांची दृश्ये.

त्याच वॉर्डात एक मुलगा वारंवार हात धुण्याच्या आजाराने दाखल होता. वर्षभर त्याला सर्वांनी शिकवले की इतके हात धुवायची गरज नाही. आणि मग टीव्हीपासून फोनच्या रिंगटोनपर्यंत सारे जग सांगू लागले, हात धुवा, हात धुवा! तो विचारायचा, "आता सगळेच माझ्यासारखे झालेत. मग आजारी मी एकटाच कसा?" या प्रश्नाला पटकन उत्तर देणे कुणालाही सोपे नाही.

पण त्या वॉर्डातील एक गोष्ट हा मुलगा फार प्रेमाने सांगतो. एका सिस्टरने आपल्या पांढऱ्या पोशाखावर मार्करने मोठ्या अक्षरांत स्वतःचे नाव लिहिले आणि बाजूला हसरा चेहरा काढला. दुसऱ्या दिवशी मावशींनीही नाव लिहून घेतले. "त्या दिवसापासून मला भीती कमी वाटायला लागली," तो म्हणतो. औषध तर काम करीतच होते. पण माणसाने आपली ओळख दिली, याचाही गुण आला.

शाळा बंद झाली, काहींना सुटल्यासारखे वाटले

आणखी एक गोष्ट या मुलांनी सांगितली, ती आम्हांला अनपेक्षित होती. सुरुवातीचे काही आठवडे दोघांनाही बरे वाटले होते. शाळेत चिडवणारी पोरे नाहीत, परीक्षेची धास्ती नाही, सगळे जगच घरात बसलेले, त्यामुळे आपण मागे पडतो आहोत असे वाटत नव्हते. इतर देशांतील मुलांनीही हाच अनुभव सांगितला आहे. मात्र हे सुख टिकले नाही. दिवस-रात्रीचे वेळापत्रक मोडले. घरात एकच फोन, त्यावर तीन भावंडांचे ऑनलाइन वर्ग. २०२१ मध्ये दहावीची परीक्षाच रद्द झाली आणि मुलगी म्हणते, "ज्याच्यासाठी धडपडून उठत होते, तेच गेलं." आणि ४ ऑक्टोबर २०२१ रोजी आपल्या राज्यातील शाळा पुन्हा भरू लागल्या तेव्हा, ज्या मुलाला गर्दीची धास्ती होती, त्याला दीड वर्षाच्या एकांतानंतर वर्गात पाऊल ठेवणे पहिल्याहून अवघड झाले.

ही दोनच मुले नाहीत

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये १३० देशांची पाहणी केली. ९३ टक्के देशांत मानसिक आरोग्याच्या सेवा खंडित झाल्या किंवा पार थांबल्या होत्या. मुलांच्या आणि किशोरवयीनांच्या सेवांना तर ७२ टक्के देशांत फटका बसला. साथीच्या पहिल्या वर्षात जगभर चिंता व नैराश्याचे प्रमाण २५ टक्क्यांनी वाढले, असे याच संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितले. म्हणजे गरज वाढली आणि नेमके त्याच वेळी दार बंद झाले. साथीच्या आधीच, २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, आपल्या देशातील १३ ते १७ वयाच्या मुलांपैकी ७.३ टक्के मुलांना कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचे आढळले होते. शंभरात सात मुले! आपल्या वस्तीतील एका वर्गात ही मुले बसलेली असणार. ती कोण, हे आपल्याला माहीत आहे काय?

आपण काय करावे?

साथ पुन्हा येईल, न येईल. पण पूर येतो, संप होतो, दंगल होते, गाड्या बंद पडतात. तेव्हा आजपासूनच काही गोष्टी कराव्यात.

ज्या घरात मूल मानसोपचार घेत आहे, तिथे डॉक्टरांना विचारून पंधरा दिवसांच्या जादा गोळ्या ठेवाव्यात. मात्र त्या मोठ्यांच्या ताब्यात, कुलपात असाव्यात. केसपेपरचा आणि चिठ्ठीचा फोटो दोन फोनमध्ये असावा. आपल्या मनाने गोळी बंद करू नये. मुलाला डॉक्टरांशी फोनवर बोलायचे असेल तेव्हा बाकीच्यांनी वीस मिनिटे ओट्यावर जाऊन बसावे. एवढ्याने काही बिघडत नाही. १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलिमानस ही सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फोन करता येतो, मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत. हा क्रमांक घरातील कॅलेंडरवर लिहून ठेवा. मूल जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलू लागले तर नाटक म्हणून हसू नका. त्याला एकटे सोडू नका आणि थेट रुग्णालय गाठा.

आणि कार्यकर्त्यांसाठी एक गोष्ट. साथीत आपण घरोघरी धान्याचे कीट वाटले, मास्क वाटले, नावनिशीवार याद्या केल्या. त्या यादीत तांदूळ होता, तेल होते, साबण होता. औषधाचा रकाना नव्हता. पुढच्या वेळी तो असला पाहिजे. आजार कोणता, हे विचारण्याची गरज नाही. त्याची वाच्यता तर मुळीच होता कामा नये.

त्या संध्याकाळी आम्ही त्या मुलीची माफी मागितली. ती संकोचली. म्हणाली, "राहू द्या हो काका. पण तेव्हा कुणी एवढंच विचारायला हवं होतं, गोळ्या आहेत ना गं तुझ्याकडे?"

पेढ्याचा पुडा अजून टेबलावर होता. आम्ही डायरी काढली आणि तिचे ते वाक्य पहिल्या पानावर लिहून ठेवले. आपणही लिहून ठेवावे.